आकस

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी पॅटर्न केले.
पंपाची पोटं, दातेरी चाकं,
कुठल्याशा ट्रॅक्टरचा गुडघा,
सगळं आधी माझ्या हातून सागवानात
आणि सगळं शंभराला एक जास्त,
कारण ओतीव लोखंड निवताना आकसतं.
माझी फूटपट्टी त्यासाठीच खोटी होती:
तिच्यावरचा फूट जगातल्या फुटाहून
ज्वारीच्या दाण्याभर लांब.
मग ते वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं.
लाकूड बाहेर, आत पोकळी,
पोकळीत आग.
एवढ्या वर्षांत लाकडाची म्हणून
एक वस्तू झाली नाही माझ्याकडून.
घरात बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या.

जांबोटी रस्त्याकडेचा आमचा फणस
एका रात्री आडवा झाला, कुणालाही न लागता.
मष्णू म्हणाला, "जळणाला घाल की.
दोन वर्सं सरायचा न्हाई."
मी इराप्पा बडिगेरला फोन केला.
तो बैलहोंगलहून आला. टेम्पोत चेनसॉ,
दोन लोखंडी रूळ, डबाभर मेण.
बुंध्याभोवती फिरला, थाप मारली, कान लावला.
"चलो मर ऐति, काका."
"मरलंयच की त्ये," मष्णू म्हणाला.
कानडीत मर म्हणजे झाड,
आणि मष्णूला कानडी माझ्याहून बरं येतं,
पण अशी संधी त्याला सोडवत नाही.

पहारीनं ओंडका लोळवला, पाचर मारली,
रूळ ठोकले, दोरी धरून रेघ मारली.
पहिली सालपट फळी सुटली
आणि आत हे एवढं पिवळं!
भुसा इराप्पाच्या भुवयांवर, मष्णूच्या टकलावर,
दोघं यल्लम्माच्या डोंगरावरून उतरल्यासारखे.
चौथ्या फळीला ठिणगी उडाली.
"कब्बिणा!" इराप्पानं मशीन बंद केलं.
आत, वीतभर खोल, एक खिळा.
कधीतरी कुणी पाटी ठोकली असणार.
पाटी कुठल्या भाषेतली
ते खिळ्याला आठवत नव्हतं.
फणसानं तर विचारलंही नसावं,
नुसती साल ओढून घेतली होती वर,
आणि भोवती रुपयाएवढा काळा डाग.
एक साखळी गेली. तिचे पैसे मी दिले,
इराप्पानं निम्मे परत खिशात कोंबले,
त्यावरून जेवताना थोडी भांडाभांडी.

फळ्या गोठ्यात रचल्या, मधे रिपा,
टोकांना मेण, वर दगड.
आणि मग काही करायचं नव्हतं.
हे मला जमेना.
लोखंड तासात निवतं, ठोकून बाहेर काढता येतं.
हे सावकाश, घरातल्या माणसागत,
कुठून किती आकसेल सांगत नाही.
दोन उन्हाळे मी रोज जाऊन हात लावून आलो.
एक फळी मगरीसारखी वळली. ती राहू दिली.

यंदा टेबल केलं. रंधा लावला तेव्हा
पिवळ्यात तांबूस उतरायला लागलं होतं.
खाचा पटाशीनं, कुसू एकेक बसवून पाहिलेले,
खिळा एकही नाही, जुन्याचा डाग मात्र
बरोबर मधोमध ठेवला.
चौघांनी उचललं, दाराशी नेलं.
जाईना.
आडवं केलं, उभं केलं. अर्ध्या बोटानं अडलं.
मष्णूनं दार मोजलं, टेबल मोजलं,
मग माझ्या हातातली फूटपट्टी घेऊन
आपल्या टेपाला लावली
आणि खाली बसून हसला.
एकतीस वर्षांचा हात.
लोखंडासाठी जागा सोडून आला होता.

तर ते आता बाहेर सोप्यात आहे.
जेवणं तिथंच होतात. नात डागावर बोट ठेवून
डाळीची वाटी कुठं ठेवायची ते सांगते.
येणाराजाणारा टेकतो, पाणी मागतो.
मष्णू म्हणतो, "चैतात आकसंल की वाईच,
तवा घेऊ आत."
चैत आला, गेला.
टेप त्याच्याच खिशात होता.