एक तास मागे

विमान टेकताना आवाज आला,
घड्याळं एक तास मागे घ्या.
सगळ्यांनी घेतली.
बेनेदितानं नाही घेतली.
तिचं घड्याळ पोटात असतं, जावळाखाली असतं,
आणि ते कोइम्ब्राच्या वेळेवर चालतं:
साडेसातला आंघोळ, आठला डोळे मिटलेले.

ओर्ताच्या बंदरावर आठ म्हणजे सात.
सात म्हणजे लख्ख ऊन,
धक्क्यावर शिडांच्या होड्या, आइस्क्रीमची रांग,
रांगेत तिच्याएवढीच पोरं कडेवर,
जागी, हसरी, बेशिस्त.
त्यांच्या आयांचा मला हेवा वाटला
आणि राग आला. दोन्ही एकदम.

वाल्देमार खिडकीला
कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवत होता.
लॉजच्या मालकीण, दोना एर्मेलिंदा, टॉवेल द्यायला आल्या
त्या बघतच राहिल्या.
कचरा आहे?
नाही, म्हटलं, अंधार आहे.
बाई समजूतदार. दार हळू लावून गेल्या.

घरून आणलेलं सगळं मांडलं:
झोपायची पिशवी, पिवळा पंचा,
एका कानाचा ससा
(दुसरा कान मार्चमध्ये खाऊन झाला),
आणि मोबाईलमध्ये भरून आणलेला
आमच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याचा आवाज.
एवढा समुद्र ओलांडून एक पंखा,
ना वारा, ना फोडणीचा वास,
नुसती घरघर.

खोली एकच. तिथे ती.
म्हणून आम्ही दोघं न्हाणीघरात.
तो कमोडच्या झाकणावर, मी टबाच्या काठावर,
मध्ये उपड्या बादलीवर चीज आणि पाव.
पावाचं कवच कुरकुरतं,
तेव्हा आतला मऊ भाग तेवढा खायचा.
वाईन दात घासायच्या पेल्यात.
लग्नाआधी त्याच्या आईच्या घरी
असेच कुजबुजायचो आम्ही.
विषय वेगळे होते.

तिसऱ्या संध्याकाळी गावचा बँड निघाला
आणि नेमका आमच्या खिडकीखाली थांबला.
ट्रम्पेट. ढोल. मग आणखी मोठा ढोल.
आम्ही टबात उतरून, हात घट्ट धरून बसलो,
जणू भूकंप आहे.
टाळ्या वाजल्या. एक फटाका.
बँड कोपऱ्यावरून वळला.
ती हललीसुद्धा नव्हती.
हुश्श करून मी कडी काढली.
टिक.
बेनेदितानं भोकाड पसरलं.

पहाटे सहाला ती उठली. तिच्या हिशोबानं सात.
तिला कडेवर मारून धक्क्यावर गेले,
केस न विंचरता, चपला त्याच्या.
समोर पिको.
तीन दिवस ढगात तोंड खुपसून बसलेला डोंगर
अख्खा उघडा,
आणि त्याच्या पाठीमागून उजाडत होतं.
फेरीबोटीचा डेक धुणारा म्हणाला,
लवकर उठलात.
नाही, म्हटलं, आम्ही वेळेवर उठलोय.

तिनं डोंगराकडे पाहिलंच नाही.
ती त्याच्या पाइपातलं पाणी बघत होती.
डोंगर मी बघितला.
तिथे, तिच्या मानेचा दुधाळ वास घेता घेता,
मला माझंच खोटं सापडलं.
शिस्त तिच्यासाठी, असं सगळ्यांना सांगत होते,
सासूबाईंना तर दोनदा.
खरं तर रोज आठ वाजता
कुणीतरी मला सोडून द्यावं,
एवढंच हवं होतं.

त्यानंतर आठवडाभर
बेटानं न विचारता तिच्या पोटातला काटा सरकवला असणार.
घरी आलो, आठ वाजले,
ती टक्क जागी, ससा भिंतीवर फेकतेय.
साडेआठ. पावणेनऊ.
नऊला निजली एकदाची.

दिवाणखाना मोकळा होता.
टेबल होतं, खुर्च्या होत्या, दार बंद होतं.
आम्ही ताटल्या उचलल्या
आणि काही न बोलता
न्हाणीघरात जाऊन बसलो.
वाल्देमारनं पाव मोडला.
मी कवच जिभेवर ठेवून
भिजायची वाट बघत राहिले.