सेक्शन चार

पूर्वी एकच हँडल होतं.
पाणी चढलं की खाली ओढायचं,
आणि घाटापासून मारुती चौकापर्यंत
सगळा गावभाग एकदम विझायचा.
त्यात एक बरं होतं,
कुणाला जाब द्यावा लागत नसे.

मग बाबालाल मुजावरांनी दोन उन्हाळे खांबांवर काढले.
गल्लीगल्लीच्या तोंडाला वेगळा स्विच,
डीप्या पुराच्या रेघेवर, पुरुषभर उंच ओट्यांवर.
ओट्याला जागा मागायला
शिकलगारांच्या दारात अकरा वेळा गेले.
अकराव्या वेळी म्हाताऱ्यानं जागा दिली, चहा दिला.
बारावी खेप तक्रारीची:
"गुणगुणतंय लई तुमचं. झोप लागंना झालीया."

विश्रामबागेकडून दुसरी लाईन फिरवून आणली.
पूल बंद झाला की आपण बायपासनं येतो,
तशी वीज आता लांबून येते,
पण येते.

आज रात्री दीडला आयर्विनवर त्रेचाळीस फूट.
माझ्यासमोर नकाशा. सहा सेक्शन, सहा दिवे.
बाबालालचा फोन, मागं पाण्याचा खळखळाट:
"ताई, चार नंबर सोडा.
मीटरपेट्यांना पाणी टेकलंय."

चार नंबरात माझं घर.
दुसऱ्या मजल्यावर अप्पा,
उशाशी ऑक्सिजनचं मशीन,
खाली बॅटरी, मीच हप्त्यानं घेतलेली,
चार तासांची, असं दुकानदार म्हणाला होता.

अंधाराला आता पत्ता आहे.
पिन कोडासकट.

"पाचापासून सुरू केलं तर?"
असं मी विचारलं नाही.
ओठ मात्र हलले होते.

चार सोडला. वहीत वेळ लिहिली, १.३४.
बाकीचे पाच दिवे थरथरलेसुद्धा नाहीत.
दोन नंबरात कुणाची तरी टाकीची मोटर चालूच राहिली असेल,
कुणाचा टीव्ही, बघणारा झोपून गेलेला.
त्यांना काही कळलं नाही.
कळू नये, म्हणून तर दोन उन्हाळे.

एक चौतीस अधिक चार.
पाच चौतीस.
बोटांवर परत मोजलं.

दोन वाजता पुन्हा बाबालाल, होडीतनं:
"सगळी गल्ली गुडूप झालीया, ताई.
तुमच्या खिडकीत तेवढा एक हिरवा ठिपका दिसतोय.
बघू का जाऊन?"
"असू दे," म्हटलं. "तो आपला नाही."

मग वही पुढे ओढली.
त्या दिव्यासाठी
रकाना सापडेना.