शेवटच्या ट्रामनंतर

नॉटिंगहॅमची शेवटची ट्राम डेपोत गेली
की आमचं काम सुरू.
शहराच्या पोटात भुयारं आहेत,
वालुकाश्मात कुणीकुणी कोरलेली,
नकाशात निम्मीसुद्धा नाहीत.
जिथे खाली पोकळी, तिथे जमिनीची ओढ
केसाच्या हजाराव्या भागाहून कमी होते.
तेवढं मोजायचं.

चार तळघरं, चार काचेचे डबे,
डब्यांत लेसरने निववलेले अणू.
त्यांना सुटंसुटं विचारलं,
तर शंभर अणू दहापट नेमकं सांगतात.
एकमेकांत गुंतवून विचारलं
तर शंभरपट.
इओना म्हणाली, मग गुंतवूया सगळेच.

गुंतवले.
अकरा रात्री एकही आकडा नाही.
कुठल्यातरी डब्यातून एक अणू निसटायचा
आणि चारही तळघरं मुकी व्हायची.
अति तिथे माती, मी म्हटलं.
इओनाला ते इंग्रजीत सांगताना
त्यातली माती गळून गेली.

चर्चच्या तळघराची किल्ली मिस्टर ऑलसॉपकडे.
आई त्यांची लेसच्या गिरणीत होती.
चहाचा मग कंट्रोलरवर ठेवून (नको म्हटलं तरी)
ते म्हणाले,
बारीक लेस कुणीही विणेल.
उसवायला लागली की पुढच्या गाठीशी थांबते ना,
ते बघायची आई.

मग आम्ही सैल केलं.
लहान लहान पुंजके, मध्ये गाठी.
शंभरपट सोडलं, चाळीसवर आलो.
आणि अवस्था अशी बांधली
की जे चौघांना सारखंच हलवतं,
मालगाडी, वारा, आमच्याच लेसरची थरथर,
ते तिला ऐकूच येऊ नये.
फरक तेवढा बोलावा.

तीन वाजून वीस मिनिटांनी
फरक बोलला.
लाँड्रीच्या खाली, चार मीटरवर,
दोन-तीन माणसं बसतील एवढी पोकळी.
इओना खुर्चीवर उभी राहिली.

ती होय, ऑलसॉप म्हणाले,
पोरं असताना तिथे आम्ही सिगारेटी ओढायचो.
वरून विटा लावून बंद केली नंतर.

दोन वर्षं झाली. सांगितलं का नाहीत?

तुम्ही अणूंना विचारत होता.

वहीत लिहिलं: मापन जुळलं.
त्रुटी, अधिक-उणे वीस सेंटिमीटर.
खाली, पेन्सिलीने:
साक्षीदार एक. त्याच्या मते
छत जरा बुटकं होतं.