जामीनदार

बँकेच्या फॉर्मवर तिसऱ्या पानाला एक रिकामी रेघ होती.
तिच्यापायी ग्यानोबा चिलगर
चार दिवस माझ्या टेबलाभोवती घुटमळला,
चहा पाजला, पंखा वाढवला,
पेन्शनच्या नव्या नियमांवर उगाच बोलला.
पाचव्या दिवशी मीच म्हणालो,
"कुठं सही करायची ते दाखव की."

पोरगी सांगलीला. फिजिओथेरपी. साडेचार वर्षं.
त्याआधीचं सगळं मला डबा खाताना
तुकड्यातुकड्यानं कळलेलं:
सिंधूवहिनींची भिशी, तिसऱ्याच महिन्यात घाटा सोसून उचललेली.
औंढा रोडचा प्लॉट,
त्याच्या कोपऱ्यात ग्यानोबानं हातानं लावलेला लिंब
नव्या मालकाला फुकटात मिळाला.
फंडातून उचल, कारण: घरदुरुस्ती.
(घर अजून गळतंय.)
धाकट्याची सायकल पुढच्या वर्षी.
हे पुढचं वर्ष म्हणजे त्या घरचा पाहुणा,
येतो येतो म्हणतं
अन् हिंगोलीच्या स्टँडवरच बसून राहतं.

मॅनेजर माझं पगारपत्रक चाळत म्हणाला,
"मुलीचे तुम्ही कोण लागता?"
नात्याचा रकाना होता.
ग्यानोबा खाली वाकून टाचणी शोधायला लागला.
मी लिहिलं: परिचित.

मला लेकरूबाळ नाही.
बायको गेल्यावर घरात शिकण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.
पण सही केली तेव्हापासून
मला सेमिस्टर समजायला लागल्या.
जुलै आला की विचारायचो, "भरली का?"
रात्री गुडघा ठणकला की वाटायचं,
तिकडं एक पोर आत्ता
ह्याच हाडाचं नाव पाठ करत बसली असेल.

शिकून झालं. पहिला पगार अकरा हजार,
खोलीभाडं सहा.
मग एक पाकीट आलं, माझ्या नावानं.
श्री. त्र्यंबक नागोराव सोनटक्के यांस,
आपण जामीनदार असल्याने कळविण्यात येते की.
पाकीट मी ड्रॉवरमध्ये कार्बनपेपरखाली सारलं.
दुपारी बँकेत गेलो.
पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो.

ग्यानोबाला यातलं काही सांगितलं नाही.
पण सोमवारी त्यानं माझ्या डब्याच्या झाकणात
दोन धपाटे ठेवले, वर लसणाची चटणी,
अन् खिडकीकडं तोंड करून जेवला.
त्यालाही पाकीट गेलंच असणार.

रिटायर होऊन दुसरं वर्ष चालू आहे.
परवा प्रांजली आली, कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन.
"काका, तुमचं नाव सुटलं."
मी चष्मा पुसून वाचलं. खरंच सुटलं होतं.
मग तिनं बँकेचा लांबलचक उतारा काढला,
दोन ओळींवर बोट ठेवलं:
"हे हिंगोली शाखेत रोखीनं कुणी भरले?
बाबा म्हणतात त्यांनी नाही."
मी म्हणालो, "असंल कुणी परिचित."

चहा आणायला उठलो
तर ती माझ्या चालण्याकडं बघत होती.
"उजवा ना? कधीपासून?"
खाली फरशीवर बसली, अंगठ्यानं दाबत गेली.
"इथं?"
इथं नव्हतं. थोडं आत होतं.
तिला ते सापडलं.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली,
दाबून धरायचं, दहा मोजायचे,
असं पंधरा वेळा, दिवसातून दोनदा.
सकाळी करतो.
सात-आठवर मोजणी चुकते,
मग पुन्हा एकपासून.