मागे जाण्याचं बटण

इकेजाच्या फोनबाजारात, लेगॉसमध्ये,
पिवळ्या छत्रीखाली माझं टेबल. छत्रीची एक काडी मोडकी.
जनरेटर बंद पडला की सोल्डरिंगची सळई गार होते
आणि माणसं बोलायला लागतात.

"कुन्ले, तू इतके फोन उघडतोस. खरा चांगला कुठला?"

मी सांगत नाही.
स्क्रू काढले की दोघांच्याही पोटात तेच:
बॅटरी, धूळ, एकदा एक वाळलेली मुंगी.
आवडनिवड मला आजवर कुणाच्या पोटात सापडलेली नाही.

मादाम इबिरोंके बालोगुन बाजारात लेस विकते.
तिच्याकडे आयफोन, लंडनमध्ये कुणीतरी वापरून टाकलेला,
कडा घासलेल्या, दुपारी दोनला मान टाकतो,
म्हणून पर्समध्ये विटेएवढी पॉवरबँक.
म्हटलं, एवढ्या पैशात कोरा अँड्रॉइड आला असता,
दोन दिवस चालला असता.
तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला,
गिऱ्हाइकासमोर ठेवते तसा.
"हे सफरचंद दिसलं की बायका भाव पाडत नाहीत.
त्यांना वाटतं, हिला कुठे विकायची गरज आहे."
मग आवाज खाली आणून:
"शिवाय माझ्या दिराला हा उघडता येत नाही.
आधीचा त्यानं दोनदा उघडला होता."

मी वायर बदलून दिली.
पैसे घेतले. थोडे कमी.

एबुका शेजारच्या टेबलावर बसतो, पक्का अँड्रॉइडवाला.
त्याला फोन तळघरासकट हवा,
फायली, फोल्डर, सगळे कानेकोपरे.
सिस्टिमला कोंबडीसारखी उलटी धरून विचारतो,
अंडं कुठे लपवलंस?
"आयफोन म्हणजे हॉटेलची खोली," तो म्हणाला,
"भिंतीत एक खिळा ठोकता येत नाही."
मादाम म्हणाली, "मला खिळा ठोकायचाच नाहीये रे पोरा.
मला झोपायचंय."

पाऊण तास भांडले.
शेंगदाणेवालीची पाटी रिकामी झाली.

आणि पापा फाकोरेडे आले, टपाल खात्यातून निवृत्त,
शर्टाच्या खिशात अजूनही दोन पेनं.
विनिपेगहून मुलानं पाठवलेला नवा आयफोन
रुमालात बांधून आणलेला.
"हा विक. आणि हा माझा जुना नीट कर."
जुन्याची काच फुटून जाळीदार झालेली.

का, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही.
नव्या फोनवरचा कागद तीन आठवड्यांनीही काढलेला नव्हता.
मग म्हणाले, "यात मागे जायचं बटण कुठाय?"
मी दाखवलं. वर डाव्या कोपऱ्यात असतं कधी कधी,
कधी कडेवरून असं सरकवायचं.
"कधी कधी," ते म्हणाले. "तेच तर."

"मुलाच्या फोटोत शिरतो.
तिथून नातवाच्या, तिथून त्यांच्या घराच्या,
मग नुसताच बर्फ.
मग कळत नाही, मी कुठून निघालो होतो.
याच्यात खाली तो त्रिकोण आहे बघ.
एकदा दाबला की एक पायरी.
पुन्हा दाबला की आणखी एक.
दाबत राहिलं की आपल्या दारात."

नवी काच बसवली. गुळगुळीत, डाग नाही.
त्यांचा अंगठा न बघता त्रिकोणावर गेला,
अंधारात घरातला माणूस कडीवर हात नेतो तसा.
म्हणाले, "मुलाला कळू देऊ नकोस."
जणू मी त्याला ओळखतो.

तो नवा अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.
गिऱ्हाईक दोनदा आलं, मीच किंमत जास्त सांगितली.
संध्याकाळी माझ्या वायफायवर तो उजळतो,
जाड कोट घातलेला एक चेहरा, खाली नाव.
वाजतो, वाजत राहतो.
डॅडी, फोन कसा आहे, एवढंच विचारायचं असणार.

मी तो पालथा ठेवतो.
आणि नेमकी मादाम इबिरोंके येऊन उभी राहते,
एक घास कमी असलेल्या त्या फळाकडे बघत,
भाव न करता विचारते,
केवढ्याला?