मिरखेलचं फाटक

पुण्याहून एक पोरगा आला, पाठीवर संगणक,
म्हणाला, लिंबाजी पिंगळीकरांवर पुस्तक लिहितोय,
तुम्ही त्यांच्या चौथ्या सिनेमात आहात.
मी म्हणलं, असंल.

त्यानं कागद वाचून दाखवला:
जन्म पिंगळी, शाळा उर्दू, मॅट्रिक दोनदा नापास,
रझाकारीच्या साली पळून सोलापूर, तिथून कोल्हापूर,
स्टुडिओत आधी झाडू, मग क्लॅप,
अकरा सिनेमे, दिल्लीचं पदक, परदेशात टाळ्या,
बारावा अर्धवट.
बरोबर आहे ना, आजी?
छापायचं म्हणल्यावर बरोबरच असंल.

मला माहीत आहे ते एवढंच:
त्याचा बाप रंगारी.
त्यांच्या दारची नाली कधी निळी वाहायची, कधी जांभळी,
कोंबड्यांचे पायसुद्धा रंगलेले,
आणि ह्या माणसानं जन्मभर काढला काळा-पांढरा सिनेमा.
रंगीत फिल्म आली, पैसेवाले दारात आले, आता तरी काढा.
हा म्हणे, रंग मी घरी लई बघितला.
पैसेवाले उठून गेले.

माझा बाप तेव्हा मिरखेलच्या फाटकावर गेटमन.
मी तेरा वर्षांची, दुपारी त्याचा डबा न्यायची.
ह्यानं मला पॅसेंजरच्या खिडकीतून बघितलं,
पुढच्या स्टेशनला उतरला
आणि रुळावरनं चालत आला माघारी.
म्हणाला, पोरगी चालते, ते मला पाहिजे.
बाप काठी घेऊन उठला.
मग रंगाऱ्याचा लिंबा निघाला, मग चहा झाला.

सात दिवस. बावीसदा चालले मी फाटकापर्यंत.
डब्यात खरी भाकर पाहिजे, म्हणायचा,
रिकामा डबा हलका दिसतो.
इकडं बघू नको, तिकडं बघू नको,
बाप उपाशी आहे एवढंच ध्यानात ठेव.
ठेवलं. तरी मान हलवायचा.
परकर खुपत होता त्याला,
मातीत विरघळतो म्हणायचा.
सहाव्या रात्री स्टेशनमागं तीन दगडांची चूल मांडली,
पातेल्यात परकर बुडवला त्यानं स्वतः,
बाह्या वर सारून, काठीनं हलवत,
इतका वेळ, एक शब्द न बोलता,
की आई म्हणली, ह्याला कोणी तरी जेवायला घाला रे.
सकाळी ओलाच नेसले.
बाविसाव्या खेपेला म्हणाला, हं.
तेवढंच. हं.

सिनेमा परभणीला तीन दिवस चालला,
मी तेव्हा गंगाखेडला नांदायला, कोण नेणार.
आज बघितला, पोराच्या मांडीवर.
रूळ. ऊन. पाठमोरी एक पोरगी, नऊ सेकंद म्हणे.
तोंड दिसतच नाही.
डब्याचं वजन दिसतं पण,
आणि बापाच्या हातातली हिरवी झेंडी,
पावसाळी ढगासारखी.

पोरगा म्हणाला, ह्या नऊ सेकंदांवर
लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत.
परकराचा हा करडा, आजी,
परत कुणालाच जमला नाही. काय असेल ह्यात?
प्रकाश म्हणाला, भिंग म्हणाला, दुःख म्हणाला,
आणि आपलं आपणच लिहून घेतलं.

रंग कोणता होता, त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.
आठ दिवस माझ्या पोटऱ्या त्याच रंगाच्या,
आई घासणीनं घासायची
आणि शेजारणी हसायच्या.