कुरतडलेलं पान

कोरड्या पुलाखाली आता नदी नाही,
मोटारी वाहतात.
वर आम्ही, चादरी अंथरून, पाऊस नसेल तर रोज.

माझ्याकडे काचा : कॅमेऱ्यांच्या, दुर्बिणींच्या,
शिवाय डोळ्यांच्या कुणा डॉक्टरची पेटी,
तिच्यातली एक काच अशी की
सगळं तिबिलिसी उलटं लटकतं.
उजवीकडे ओतिया. पदकं, चमचे, समोवार,
आणि बाहुलीच्या झग्याची एक सुटी बाही.
"ही कोण घेणार रे?" मी दर शनिवारी विचारते.
"जिच्या बाहुलीला एकच बाही आहे, ती,"
आणि वर्तमानपत्र उलटतो.

डावीकडे त्सियाला. तिच्याकडे जुनं काहीच नसतं.
द्राक्षवेलीचे तणावे, कानात घालायला.
अंगठीवर ओकच्या फळाची टोपी, तिच्या खवल्यांसकट.
डाळिंबाचं फूल, अजून न मिटलेलं.
ती पान प्लॅस्टरमध्ये पुरते, भट्टीत ठेवते.
पान जळून जातं, मागे उरते त्याची जागा.
त्या जागेत चांदी ओतायची.
"म्हणजे हे खरं पान नव्हे," एक गिऱ्हाईक म्हणालं.
"नव्हे. पान नसण्याचं माप आहे. साठ लारी."
गिऱ्हाईक गेलं.
आम्ही थर्मास उघडला.

ऑक्टोबरात एक मुलगी आली,
कोटाखाली नर्सचा गणवेश, पायांत रात्रपाळी.
ओतियाकडून तिने घासाघीस करून ब्रोच घेतला,
काळवंडलेला, मागची टाचणी तुटलेली.
"जर्मन आहे, युद्धाआधीचा," ओतिया म्हणाला.
ओतियाचं सगळंच जर्मन, आणि सगळंच युद्धाआधीचं.
तीन पावलं चालून ती त्सियालापुढे आली :
"टाचणी बसवून द्याल?"

त्सियालाने ब्रोच तळहातावर घेतला.
मग न बघताच माझ्याकडे हात पसरला.
मी भिंग दिलं.
अक्रोडाचं पान. डाव्या कडेला भोक,
अळीनं कुरतडलेलं,
दातांची नागमोड जशीच्या तशी.

मला ते भोक माहीत होतं.
ज्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती,
पहाटे चारपासून पावाच्या रांगा होत्या,
तेव्हा तिने पहिल्यांदा पान ओतलं,
नवऱ्याच्या आजीचे दोन चमचे वितळवून.
चांगलं पान तेव्हा शोधत कोण बसणार,
पायाखाली आलं ते उचललं.
आणि फेब्रुवारीत दिलं,
पाच लिटर रॉकेलसाठी, टोपी घातलेल्या एका माणसाला.
टोपीच तेवढी आठवते, म्हणायची.

मी वाट बघत राहिले.
आता बोलेल. आता मुलीचा हात धरेल.
तिने पक्कड घेतली.
टाचणी बसवली, दोनदा उघडमीट करून पाहिली,
काळं पुसलं, पण शिरांमधलं तसंच ठेवलं.
"जर्मन आहे का खरंच?" मुलीने विचारलं.
"असेल," त्सियाला म्हणाली. "तीन लारी झाले."
"आणि हे भोक? बुजवता येईल?"
तेव्हा मात्र तिने मान वर केली.
"बुजवू नकोस," एवढंच.

मुलगी कोटावर ब्रोच लावून पूल उतरली.
बसस्टॉपवर उभी होती, उभ्या उभ्या पेंगत.
पान तिच्याबरोबर थोडं पुढे कलायचं, सावरायचं.

"कुठून आणलास रे तो?" मी ओतियाला विचारलं.
"एका खोक्यात होता."
"खोकं कुठलं?"
"खोकं दुसऱ्या खोक्यात होतं."
ह्याच्यापुढे ओतियाचा इतिहास जात नाही.

सामान आवरून आम्ही बागेतून निघालो.
त्सियाला वाकून पानं उचलत होती,
दिव्याखाली धरून बघत होती.
चांगली, अख्खी होती ती
एकेक करून टाकून देत होती.